मधल्या खर्चाचा हिशेब

शेतकऱ्याच्या घरातला मुलगा एक जुनी गाडी मिळवतो, रात्रीचा दिवस करतो, भावंडांना हाताशी धरतो आणि वीस-पंचवीस वर्षांत मोठ्या वाहतूक कंपनीचा मालक होतो. अशी चरित्रे आपण आवडीने वाचतो, मुलांना वाचायला देतो आणि त्यांतून बहुधा एकच बोध काढतो, की कष्टाला पर्याय नाही. मला हा बोध अपुरा वाटतो. कष्टानेच माणूस मोठा होत असता, तर बीडहून दरवर्षी ऊसतोडीला जाणारा प्रत्येक कोयता आतापर्यंत सुखवस्तू झाला असता. ज्यांचे कष्ट फळाला आले नाहीत, ते आपल्याच दोषाने मागे राहिले, असा छुपा ठपकाही या बोधात असतो. म्हणून अशा चरित्राला दोन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. इतरांना न दिसलेले असे या माणसाला काय दिसले? आणि त्याने जे स्वस्त केले, त्याचा खर्च शेवटी कोणाच्या खात्यावर पडला?

हे प्रश्न विचारायला माल्कम मॅक्लीन यांच्याइतके योग्य आयुष्य मला दुसरे दिसत नाही. जगातला बहुतेक तयार माल आज ज्या पोलादी पेटीतून समुद्र ओलांडतो, ती कंटेनरची व्यवस्था उभी करणारा हा माणूस जहाजवाल्यांच्या घराण्यातला नव्हता. तो होता ट्रकवाला, आणि त्याआधी शेतकऱ्याचा मुलगा.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रोबसन परगण्यातल्या मॅक्स्टन या छोट्या गावी १९१३ साली त्यांचा जन्म झाला. कापूस-तंबाखूचा मुलूख. वडील शेती करायचे आणि जोडीला टपाल वाटण्याचे काम. घरच्या कोंबड्यांची अंडी रस्त्याकडेला बसून विकायची आणि विक्रीमागे आईकडून ठरलेली दलाली घ्यायची, ही त्यांची पहिली कमाई. १९३१ साली शाळा संपली तेव्हा महामंदी ऐन भरात होती. कॉलेजला पैसे नव्हते. किराणा दुकानात माल लावण्याचे आणि मग रेड स्प्रिंग्ज गावात पेट्रोल पंप चालवण्याचे काम त्यांनी केले. पंपासाठी लागणारे तेल २८ मैलांवरच्या फेयेटव्हिलहून आणून देणाऱ्याला फेरीमागे ५ डॉलर मिळतात हे त्यांना तिथे कळले. मालकाकडून एक गंजका ट्रेलर मागून घेऊन ते काम त्यांनी स्वतःच पत्करले. मार्च १९३४ मध्ये मॅक्लीन ट्रकिंग सुरू झाली. चालक एकच, ते स्वतः. पुढे बहीण क्लारा आणि भाऊ जिम धंद्यात आले.

इथपर्यंतची हकीकत कुठल्याही यशोगाथेत शोभेल. पण तिच्यात एक गोष्ट मिळवायला हवी. त्या परगण्यात गोऱ्यांखेरीज काळे लोक होते, लंबी जमातीचे मूळनिवासी होते, आणि वर्णभेदाचा कायदा होता. मॅक्लीन यांच्या घराण्याला नातेसंबंधांचे बळ होते. दुकानातली नोकरी ओळखीने मिळाली, पंपासाठीचा पहिला पेट्रोलचा माल एका मित्राने दिलेल्या उसन्या पैशांतून आला. त्याच मातीत त्यांच्याहून जास्त राबणाऱ्या, वाट्याने दुसऱ्याचा कापूस पिकवणाऱ्या काळ्या मुलाला कोण उसने देणार होते? मॅक्लीन यांची बुद्धी मी कमी लेखत नाही. पण बुद्धीला पहिली उचल मिळावी लागते, आणि ती कोणाला मिळते हे समाज ठरवतो. त्या व्यक्तीचा गुण इतका की उचल मिळाल्यावर तिने ती वाया घालवली नाही.

मग त्यांना काय दिसले? माझे उत्तर असे, की शेतात वाढलेल्या माणसाला मधला खर्च दिसतो. कारखान्यात किंवा कचेरीत वाढलेल्याला वस्तूची किंमत तिच्या घडणीत दिसते. शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते, की माल पिकवणे हा निम्माच भाग. खरी लूट आणि गळती बांधापासून बाजारापर्यंतच्या वाटेवर होते. आपल्याकडे विक्रीची पट्टी हातात घेतलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा किलोला १ रुपया दराने विकला. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हातावर २ रुपयांचा धनादेश ठेवला गेला. त्या कांद्याचा सगळा भाव मधल्या खर्चातच जिरला होता.

मॅक्लीन यांची ट्रक कंपनी वाढली ती या मधल्या खर्चावर नजर ठेवूनच. कोणत्या पंपावर डिझेल सवलतीत मिळेल हे आधी ठरलेले असे. ट्रेलरच्या बाजूंना पन्हळी पत्रा असे, कारण त्याने वाऱ्याचा अडथळा कमी होऊन इंधन वाचते. नव्या चालकाला जुन्या चालकाच्या हाताखाली दिले जाई आणि नव्याचे पहिले वर्ष अपघाताविना गेले तर जुन्याला बक्षिसी मिळे. त्या काळी अमेरिकेत ट्रकचे दर आणि मार्ग सरकारी आयोग ठरवत असे. दर उतरवायचे तर आयोगापुढे सिद्ध करावे लागे, की आपला खर्च खरोखरच कमी आहे. त्यामुळे पै-पैचा हिशेब हे मॅक्लीन यांचे मुख्य हत्यार बनले. महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी योजनेतून स्वस्त कर्ज मिळत होते. त्या कर्जावर ट्रक घेऊन फक्त मॅक्लीन कंपनीचे भाडे मारणारे चालक-मालक त्यांनी उभे केले. कल्पना हुशारीची होती. पण गाडीचा हप्ता चालकाच्या माथी आणि कामाचा हुकूम कंपनीचा, ही मांडणीही तिथेच दिसते. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

कंटेनरच्या जन्माची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. १९३७ साली कापसाच्या गासड्या घेऊन मॅक्लीन होबोकनच्या धक्क्यावर गेले, दिवसभर खोळंबले, हमाल एकेक नग उचलून जहाजात चढवताना पाहत राहिले आणि त्यांच्या मनात आले, की ट्रकची पेटीच उचलून जहाजावर का ठेवू नये? ही आठवण त्यांनी कित्येक वर्षांनंतर सांगितली. कंटेनरचा इतिहास लिहिणाऱ्या मार्क लेव्हिन्सन यांनी तिच्यावर शंका घेतली आहे. मलाही खरी हकीकत अधिक मोलाची वाटते. १९५३ च्या सुमारास अटलांटिक किनाऱ्यालगतच्या महामार्गांवर मोटारींची गर्दी इतकी वाढली, की ट्रकचे वेळापत्रक कोलमडू लागले. दुसरीकडे किनारी जहाजे कमी भाड्यात माल नेऊन ट्रकचा धंदा खातील ही भीती होती. त्या अडचणीतून कल्पना निघाली, की ट्रेलर जहाजावर चढवून समुद्रमार्गे पुढे न्यावेत. मग लक्षात आले, की चाकांनी जहाजातली जागा फुकट अडते. म्हणून चाके किनाऱ्यावर ठेवून नुसती पेटी न्यायची ठरली. चांगल्या कल्पना पुष्कळदा अशाच येतात. त्यात साक्षात्कार नसतो. एका खर्चातून दुसरा खर्च वजा करत माणूस तिथवर पोचतो.

गोदीतला मधला खर्च किती होता, याचे मोजमाप उपलब्ध आहे. १९५४ साली ‘वॉरियर’ नावाचे मालवाहू जहाज ब्रुकलिनहून जर्मनीला गेले. त्यात ५,०१५ टन माल होता आणि त्याचे सुटे नग होते १,९४,५८२. पोती, खोकी, पिंपे, गाठोडी. प्रत्येक नग माणसाने हाताळलेला, काही तर अनेकदा. त्या फेरीच्या एकूण खर्चात प्रत्यक्ष समुद्रप्रवासाचा वाटा जेमतेम ११.५ टक्के होता. जहाज वेगवान करून काहीच साधणार नव्हते, कारण पैसा पाण्यावर जळत नव्हता, धक्क्यावर जळत होता. जहाजमालकांना हे आयुष्यभर दिसले नाही. ते स्वतःला जहाजे चालवणारे समजत होते. मॅक्लीन यांच्या लेखी धंदा माल पोचवण्याचा होता. जहाज हा वाटेवरचा एक टप्पा.

२६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जुने तेलवाहू जहाज नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. डेकवर ५८ पेट्या होत्या. दर सात मिनिटांना एक पेटी चढली आणि आठ तासांच्या आत जहाज भरले. सुटा माल चढवायला टनामागे ५.८३ डॉलर लागत. या जहाजावर तो खर्च १५.८ सेंट निघाला.

या उलथापालथीचे मर्म पाहायचे तर न्हावा-शेवा बंदराच्या रस्त्यावर उभ्या ट्रेलरच्या कोपऱ्याकडे पाहावे. कंटेनरच्या तळाशी चार कोपऱ्यांत पोलादाचे जाड ठोकळे असतात आणि प्रत्येकात एक लांबट भोक. ट्रेलरवर त्याच मापाच्या चार खुंट्या. पेटी खाली आली, की खुंटीचे डोके भोकात शिरते. चालक उतरून दांडा फिरवतो, डोके आडवे होते आणि पेटी पक्की बसते. चार कोपरे, चार झटके. मॅक्लीन यांचे अभियंते कीथ टँटलिंगर यांनी हे कुलूप सिद्ध केले आणि कंपनीने १९६० च्या दशकात त्याच्या पेटंटवरचा हक्क सोडून ते सगळ्यांना खुले केले. म्हणून आज कोणत्याही देशाची पेटी कोणत्याही देशाच्या ट्रेलरवर, रेल्वेवर, जहाजावर बसते. हिशेबी माणसाने केलेले हे मोठे दान होते आणि त्यात शहाणपणही होते. सामायिक माप नसते, तर त्यांचा शोध त्यांच्याच कंपनीच्या आवारात अडकून राहिला असता.

या सगळ्याची एक मोठी किंमत त्यांनी स्वतः मोजली होती. एकाच माणसाने ट्रक आणि जहाज दोन्ही कंपन्या आयोगाच्या परवानगीविना ताब्यात ठेवू नयेत असा कायदा होता. जहाज कंपनी घ्यायची तर भावंडांसह वीस वर्षे वाढवलेला ट्रकचा धंदा सोडावा लागणार होता. त्यांनी तो सोडला आणि बँकेचे ४.२ कोटी डॉलर कर्ज काढले. घरचा धंदा जपणे हाच धर्म मानणाऱ्या आपल्या समाजाला हा निर्णय कठोर वाटेल. मला तो योग्य वाटतो. वारशापेक्षा कामाचा विचार मोठा मानणे सोपे नसते.

आता दुसरा प्रश्न. टनामागे ५.८३ डॉलरचा खर्च १५.८ सेंटवर आला, तर मधली रक्कम कुठे गेली? ती कुणाची तरी मजुरी होती. न्यूयॉर्क बंदरात पिढ्यान्‌पिढ्या धक्क्यावर राबणाऱ्या कुटुंबांची भाकर त्या रकमेत होती. मॅनहॅटन आणि ब्रुकलिनचे धक्के ओस पडले, लंडनची जुनी गोदी बंद झाली. मुंबईतही प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोदीचे वैभव ओसरले आणि २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या न्हावा-शेव्याच्या बंदराकडे माल वळला. आपल्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी लागते. मुंबईच्या गोदीत आणि मस्जिद बंदरच्या बाजारांत ज्यांनी पाठीवर माल वाहिला, तेही घाटावरच्या आणि कोकणातल्या शेतकऱ्यांचीच पोरे होती. एका शेतकऱ्याच्या मुलाच्या कल्पनेने अशा कित्येक शेतकऱ्यांच्या मुलांचे काम संपवले.

बंदराला जमीन लागते. इथे ती जमीन म्हणजे उरण-पनवेलच्या आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरे आणि खाड्या. नवी मुंबईसाठी होणाऱ्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व आले. बंदरासाठी उठवलेल्या शेवा आणि शेवा कोळीवाडा या गावांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे मात्र दशकानुदशके रेंगाळले. ज्या बांधावर भात उभे राहायचे, तिथे आज रिकाम्या पेट्यांच्या थप्प्या आहेत.

कंटेनर आलाच नसता तर बरे झाले असते, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार याच पेटीमुळे युरोपच्या बाजारात पोचला. पहाटे तोडलेला घड, कात्रीने काढलेले खराब मणी, छोट्या डब्यांत भरलेला माल, शून्य अंशाच्या आसपास थंड केलेली पेटी, आणि तीन-चार आठवड्यांनी रॉटरडॅमला उघडणारे तिचे दार. सुटी खोकी हमालाने चढवायची असती, तर ते द्राक्ष मुंबईच्या धक्क्यावरच आंबले असते. शेतकऱ्याला ज्या मधल्या खर्चाने छळले, त्याचा एक मोठा लचका या शोधाने तोडला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

माझे म्हणणे एवढेच, की वाचलेला मधला खर्च कोणाच्या पदरात पडावा, हे यंत्र ठरवत नाही; माणसे ठरवतात. याचे पुरावे इतिहासात आहेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस यांच्या कामगार संघटनेने १९६० साली करार केला: यंत्रे येऊ द्या, पण त्यांतून होणाऱ्या बचतीपोटी ठरावीक रक्कम कामगारांच्या निधीत जमा करा. न्यूयॉर्कच्या गोदी कामगारांनी पुढे वर्षाकाठी ठरावीक तासांच्या वेतनाची हमी मिळवली. महाराष्ट्राने याहून पुढचे पाऊल टाकले. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. रोजचा मालक वेगळा असलेल्या, कोणाच्याच हजेरीपुस्तकात नाव नसलेल्या हमालाला त्याने मंडळाची नोंद, भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि उपचाराचा हक्क दिला. आज त्या कायद्याच्या आडून होणाऱ्या वसुलीच्या तक्रारी खऱ्या असतील. त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. तरीही मूळ तत्त्व सोन्यासारखे आहे. ज्याच्या पाठीवर धंदा उभा आहे, त्याचा वाटा आधी काढून ठेवायचा.

१९६९ हेच वर्ष मॅक्लीन यांच्याही आयुष्यात वळणाचे ठरले. त्यांची सी-लँड ही जहाज कंपनी एका तंबाखू उद्योगाने ५३ कोटी डॉलरला घेतली आणि ते अतिश्रीमंत झाले. मग शेतकऱ्याचा मुलगा पुन्हा शेतीकडे वळला. १९७३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या किनारपट्टीवर त्यांनी पावणेचार लाख एकरांच्या आसपास दलदलीची जमीन घेतली, चर खणून पाणी काढले, मका-सोयाबीन आणि डुकरांचे प्रचंड फार्म उभारले. खालचा पीट, म्हणजे कुजक्या वनस्पतींचा जळाऊ थर, काढून इंधन करण्याचीही योजना होती. तिला मच्छीमारांनी विरोध केला. दलदल निचरली की गोडे पाणी लोंढ्याने खाडीत उतरेल आणि मासळीची पैदास मरेल, हे त्यांना कळत होते. ती योजना फसली, आणि त्या जमिनीचे मोठे भाग आज वन्यजीव अभयारण्ये आहेत.

पुढचा फटका समुद्रात बसला. ‘युनायटेड स्टेट्स लाइन्स’ विकत घेऊन त्यांनी इंधन वाचवणारी, संथ चालीची बारा अजस्र जहाजे बांधून घेतली. तेल महाग राहील हे गृहीत होते. तेल कोसळले, जहाजे संथच राहिली आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये कंपनी एक अब्ज डॉलरहून अधिक देण्यासह दिवाळखोरीत गेली. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी, नियंत्रणमुक्त झालेल्या बाजाराच्या स्पर्धेत, त्यांनी कधीच सोडलेली मॅक्लीन ट्रकिंगही बंद पडली.

या उत्तरार्धातून मला चरित्राचा खरा अर्थ लागतो. लहान शेतकऱ्याच्या घरात खर्च आणि धोका एकाच चुलीभोवती असतो. अंडी फुटली तर नुकसान फोडणाऱ्याचेच. म्हणून तिथे माणूस जपून वागतो, जमिनीला किती सोसवेल, बैलाला किती ओढवेल हे पाहतो. धंदा त्या चुलीपासून दूर जातो तेव्हा निर्णय एकाचा राहतो आणि धोका दुसऱ्याचा होतो: गोदी कामगाराचा, खाडीच्या मच्छीमाराचा, हप्त्यावर गाडी घेतलेल्या चालकाचा. मॅक्लीन यांनी शेतीकडून मधला खर्च ओळखण्याची नजर घेतली आणि जगाला दिली. सोसण्याला मर्यादा असते, ही शेतीची दुसरी शिकवण मात्र मोठेपणाच्या वाटेवर सुटून गेली.

आज आपल्याकडे गावोगावची मुले ट्रककडे वळत आहेत. शेतीचे तुकडे झाले, विहिरी आटल्या. कोणी एकर विकून, कोणी सोने गहाण ठेवून गाडीचे डाउन पेमेंट भरतो. या देशातल्या बहुतांश ट्रकमालकांकडे पाचहून कमी गाड्या आहेत. गाडी त्याची, हप्ता त्याचा, टायर फुटला तर त्याचा, परतीचे भाडे मिळाले नाही तर रिकामी फेरी त्याची. आणि बंदराच्या गेटबाहेर चोवीस तास रांगेत उभे राहावे लागले तर तो खोळंबाही त्याचाच. ज्या खोळंब्यातून जगाला वाचवण्यासाठी कंटेनर आला, तो खोळंबा संपलाच नाही. जहाजावरून उठून तो ट्रेलरच्या केबिनमध्ये जाऊन बसला, कारण तिथल्या वेळेला कोणी किंमत लावत नाही.

म्हणून माझा आग्रह साध्या, करता येण्याजोग्या गोष्टींचा आहे. गेटवरच्या आणि गोदामातल्या ठरावीक तासांपुढच्या प्रत्येक तासाचे पैसे गाडीला मिळाले पाहिजेत, आणि त्यातला वाटा चालकाच्या हातात पडला पाहिजे. वेळेचे पैसे द्यावे लागले की बंदर, गोदाम, कारखाना हे सगळे आपोआप वेगाने काम करू लागतील. स्वतः मॅक्लीन यांनी हाच हिशेब मांडला असता. माथाडी कायद्याचे तत्त्व ट्रकचालकापर्यंत न्यायला हवे: मालक रोज बदलला तरी निधी, विमा आणि विश्रांतीचा हक्क नोंदीसोबत चालत राहावा. आणि जिथे जमीन घेऊन बंदर, गोदाम, महामार्ग होतात, तिथल्या शेतकऱ्याचा वाटा गोळीबारानंतर नव्हे, पहिल्या मोजणीआधी ठरावा.

आणि यशाची चरित्रे जरूर लिहावीत, मुलांना जरूर द्यावीत. पण त्यांत जमेच्या बाजूसारखी खर्चाची बाजूही पूर्ण लिहावी. पहिली उचल कोणी दिली, स्वस्ताईचा भार कोणी वाहिला, आणि जमले तेव्हा कोणाला वाटा मिळाला, हे कळल्यावर वाचणारा मुलगा खचणार नाही. उलट आपल्याला दिसलेल्या मधल्या खर्चावर हात घालताना तो पलीकडच्या माणसाचाही विचार करील. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या धंदेवाल्याकडून समाजाने एवढी अपेक्षा ठेवली पाहिजे, कारण त्या घराने दोन्ही बाजूंचा हिशेब जवळून पाहिलेला असतो.